ध्वनिमुद्रिका कंपन्यांची बदलती भूमिका

ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्ता येथे गोहरजान यांचे गायन मुद्रित केले आणि १९०८ मध्ये त्याच शहरात तबकड्यांचा कारखाना उभारला. तेव्हापासून अनेक दशके ध्वनिमुद्रण, उत्पादन, वितरण आणि प्रसिद्धी ही चारही साधने कंपन्यांच्याच हाती राहिली. कोणाचा आवाज घरोघरी पोहोचावयाचा, हे कंपनीच ठरवीत असे. ध्वनिफिती आल्यावर खर्च घटला, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या पुढे आल्या आणि लोकगीते व भक्तिगीते खेड्यापाड्यांत पोहोचली.

समाजमाध्यमांच्या युगात हे चित्र पालटले आहे. मोबाइलवर मुद्रित केलेला पोवाडा किंवा भारूड कलावंत स्वतःच जगापुढे ठेवू शकतो. मग कंपन्यांचे प्रयोजन संपले काय? तसे झालेले नाही. वस्तू विकणारी कंपनी आता प्रामुख्याने हक्कांचा सांभाळ करणारी संस्था बनली आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने २००० मध्ये सारेगामा हे नाव धारण केले. जुन्या गीतांचा संग्रह हे तिचे मोठे भांडवल आहे. टी-सीरिजची वाहिनी २०१९ मध्ये यूट्यूबवर जगात सर्वाधिक सदस्यसंख्येची ठरली. कोणी कंपनीचे गीत आपल्या चित्रफितीत वापरले, तर यूट्यूबची संगणकीय यंत्रणा ते ओळखते आणि त्या चित्रफितीचे जाहिरात-उत्पन्न हक्कधारकाकडे वळविता येते.

म्हणूनच हक्क कोणाचा, हा प्रश्न आज कळीचा ठरतो. पारंपरिक ओवी सर्वांची असली, तरी तिच्या नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः ते निर्माण करणाऱ्याकडे असतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. प्रसिद्धीच्या आशेने करारावर घाईने सही करणारा कलावंत हा हक्क कायमचा गमावून बसण्याचा संभव असतो.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीचे असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणात समाविष्ट गीताचे गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा कंपनीला देऊन टाकता येत नाही. गायक-वादकांनाही व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधनाचा हक्क आहे. गीतकार, संगीतकार व संगीत प्रकाशक यांच्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था असे स्वामित्वधन गोळा करून सभासदांना वाटते.

गावोगावच्या शाहिरांना, कीर्तनकारांना आणि भजनी मंडळांना ही माहिती क्वचितच असते. शिक्षक व पंचायत सदस्य यांना येथे मोलाची मदत करता येईल. करार समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. मुदत, प्रदेश, माध्यमे आणि मोबदला ही चार कलमे तपासावीत. सही केलेली एक प्रत कलावंताजवळ राहील, हे पाहावे. कंपनीशी सहकार्य अवश्य करावे. परंतु आपण काय देत आहोत, हे जाणूनच ते व्हावे. गावाचा आवाज दूरवर पोहोचत असताना त्याचे मोल गावातील कलावंताच्या पदरी पडणे, हेच न्यायाचे होईल.