फोमची मॅट आणि खिडकीची काच

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानांत बादल्या, हलक्या चपला आणि रांगत्या बाळाखाली अंथरायच्या रंगीत फोमच्या मॅट शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. गिऱ्हाइकाच्या लेखी हे सगळे 'प्लॅस्टिक'च. कारखान्यात मात्र या वस्तू दोन वेगळ्या वाटांनी तयार होतात. त्यातली एक वाट कारखान्याशेजारी राहणाऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत आणि कानांपर्यंत येऊन पोहोचते.

बादलीची वाट सरळ आहे. प्लॅस्टिकचा दाणा यंत्रात ओतला जातो, दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि दाबाने साच्यात शिरतो. साचा गार झाला की बादली बाहेर पडते. मेण ओतून मेणबत्ती करावी, तसेच हे. रासायनिक बदल जवळपास नाहीच. म्हणून फुटलेली बादली पुन्हा वितळवता येते. इथला धोका कामगाराला असतो: भाजण्याचा आणि साच्यात बोटे सापडण्याचा.

फोमच्या मॅटची गोष्ट निराळी. तिची तुलना ढोकळ्याशी करता येईल. ढोकळा सोड्याने फुगतो आणि वाफेने बसतो. मॅटच्या मिश्रणात वायू सोडणारी एक पूड असते, तिने बुडबुडे होतात. पण ते टिकायचे, तर भोवतीचे प्लॅस्टिक त्याच वेळी घट्ट व्हायला हवे. त्यासाठी त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात. हे जोडकाम सेंद्रिय पेरॉक्साइड नावाची रसायने करतात. सोसायटीच्या बागेतली फायबरची घसरगुंडीही अशीच घट्ट होते. काचेच्या तंतूंवर चिकट रेझिन लावतात, त्यात शेकडा एक-दोन भाग पेरॉक्साइड मिसळलेले असते. कामगार त्याला 'हार्डनर' किंवा 'कॅटलिस्ट' म्हणतात.

उपयोगी तेच धोक्याचे

पेरॉक्साइडच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि हा जोड फार कच्चा असतो. थोड्या उष्णतेने तो तुटतो. तुटलेले तुकडे इतर रेणूंवर तुटून पडतात आणि साखळ्या जुळतात. कारखान्याला हेच हवे असते. पण तुटताना उष्णताही बाहेर पडते. ती वेळीच काढून घेतली नाही, तर आणखी रेणू तुटतात, आणखी उष्णता निघते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. एका मर्यादेपलीकडे ही क्रिया कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून ही रसायने थंड जागी, थोड्या थोड्या प्रमाणात आणि इतर पदार्थांपासून दूर ठेवावी लागतात.

23 मे 2024 रोजी, ऐन उन्हाळ्यात, डोंबिवली एमआयडीसीच्या फेज 2 मधील अमुदान केमिकल्स या कारखान्यात स्फोट झाला. त्यानंतर पेरॉक्साइड हे नाव घरोघरी पोहोचले. त्याआधी 26 मे 2016 रोजी प्रोबेस एन्टरप्रायझेस या कारखान्यातील स्फोटात 12 जणांचा मृत्यू झाला होता. दोन्ही वेळा जखमी झालेले सगळे कामगार नव्हते. घरात, दुकानात, रस्त्यावर असलेल्या अनेकांना फुटलेल्या काचांनी जखमा केल्या.

तयार मॅट मात्र घरात पेट घेईल किंवा फुटेल, अशी भीती नको. साच्यातच पेरॉक्साइडचे काम संपते आणि ते खर्ची पडते. मागे राहतो तो वास आणि काही उरलेली द्रव्ये. मॅट फुगवणाऱ्या पुडीपासून फॉर्मामाइड हे द्रव्य शिल्लक राहते, या कारणाने 2010 मध्ये बेल्जियमने अशा मॅट बाजारातून काढायला लावल्या होत्या. म्हणून नवी मॅट बाळाखाली लगेच अंथरू नये. वेष्टन काढून ती काही दिवस हवेशीर जागी उघडी ठेवावी. उग्र वास जातच नसेल तर वापरू नये. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

लखलखाट दिसला तर

दूरच्या स्फोटाचा उजेड तत्काळ दिसतो. आवाज आणि हवेचा धक्का मागून येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. म्हणजे एक किलोमीटरवरच्या घरापर्यंत धक्का पोहोचायला जवळपास तीन सेकंद लागतात. नेमक्या त्याच तीन सेकंदांत माणूस 'काय झाले' हे पाहायला खिडकीशी जातो. 6 डिसेंबर 1917 रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे जहाज पेटले, तेव्हा लोक खिडक्यांतून आग पाहत उभे होते. स्फोट झाला आणि शेकडो लोकांच्या डोळ्यांत काच गेली.

म्हणून लखलखाट किंवा मोठी आग दिसली, तर खिडकीकडे पाठ करावी आणि आतल्या भिंतीशी जावे. लहान मुलांना हेच शिकवावे. औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांनी पलंग, पाळणा आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल खिडकीखाली ठेवू नये. काचेवर चिकटवायची सेफ्टी फिल्म मिळते. तिने काच फुटली तरी तुकडे उडणे कमी होते.

डोळ्यात काच गेली तर चोळू नये, दाबू नये, रुतलेला तुकडा ओढू नये. कागदी पेला डोळ्यावर न दाबता झाकण म्हणून ठेवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. डोळ्यात रसायन उडाले असेल तर नियम उलटा: तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे, मगच निघावे. हार्डनर डोळ्यात गेल्यास कॉर्नियाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे इथे पहिली मिनिटे मोलाची. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नये. स्फोटानंतर कानात गुणगुण होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर कानात तेल घालू नये, पडदा फाटलेला असू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.

शेजाऱ्याचा हक्क

भोपाळ दुर्घटनेनंतर 1989 मध्ये केंद्र सरकारने घातक रसायनांसाठी नियम केले. मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप सांगावे आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये हे कळवावे, असे त्यात म्हटले आहे. कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडाही तयार असावा लागतो. ही माहिती मागणे म्हणजे उद्योगाला विरोध करणे नव्हे. जवळच्या कारखान्यात कोणती रसायने आहेत, भोंगा वाजला तर घरात थांबायचे की बाहेर पडायचे आणि कोणत्या दिशेने, एवढे तरी मिलापनगरपासून मानपाड्यापर्यंतच्या प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर लिहिलेले असायला हवे.