तेल मुरलेल्या जमिनीत खोदताना

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून शेकडो टन तेल सांडले. उरण, अलिबागकडच्या किनाऱ्याला ते लागले. खारफुटीला काळा थर बसला. असे तेल डोळ्यांना दिसते, म्हणून काढणारा मजूर सावध राहतो. शिवाय तिथे वारा असतो.

जमिनीत मुरलेले तेल दिसत नाही. जुन्या पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी गळते आणि पेट्रोल मातीत झिरपते. मग टाकी उकरायला, माती काढायला मजूर लागतात. आपल्याकडचा माणूसही रोजावर या कामाला जातो. त्याच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. धूर वर जातो, ही खाली बसते. पाणी साचावे तशी खड्ड्यात साचते. वरच्या माणसाला काही कळत नाही. खाली खोदणाऱ्याचे मात्र डोके जड होते, गरगरू लागते.

कोणी म्हणेल, वास येईल की! येतो खरा, पण थोड्या वेळाने नाकाला सवय होते. वास गेला म्हणजे वाफ गेली असे नव्हे. तोंडाला फडके बांधले तर धूळ अडते, वाफ अडत नाही.

जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपण कंदील सोडून पाहतो. विझला तर उतरत नाही. इथे ती युक्ती चुकूनही करू नका. वाफ भडकेल. टिकाव दगडावर आपटून उडालेली ठिणगीसुद्धा पुरते, मग विडीची गोष्टच नको. हवा तपासायचे लहान यंत्र असते, ते आधी खड्ड्यात सोडतात. "हवा तपासली का?" असे मुकादमाला विचारा. रोज बुडेल म्हणून माणूस गप्प बसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी विचारा.

पेट्रोलात बेंझीन असते. वर्षानुवर्षे ते अंगात गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून तंबाखू मळण्याआधी हात साबणाने धुवा. तेलकट कपडे घरी नेऊन पोराबाळांच्या कपड्यांत टाकू नका.

आता सर्वांत अवघड गोष्ट. खाली गडी कोसळला की वरचा भाऊबंद मागेपुढे न पाहता उडी टाकतो, आणि तोही पडतो. म्हणून उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि दोरी बांधलेली असावी. दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती असावे. ओढायचे ते वरूनच. उघड्या हवेत आणायचे आणि लगेच १०८ ला फोन करायचा.