माणूसघाणा, हट्टी की स्वमग्न?

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा पदवीधर, हिशेबात तरबेज. पण पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणार आणि जेवणाची वेळ पंधरा मिनिटे टळली तरी घर डोक्यावर घेणार. सोबतच्या जुन्या कागदावर 'व्यक्तिमत्त्वदोष' असे निदान लिहिलेले होते. वडिलांना एकच विचारायचे होते, "डॉक्टर, स्थळं येताहेत. लग्न झालं की सुधारेल ना हा?"

मी आईकडे वळलो आणि लहानपणी कसा होता, असे विचारले. तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर तो वळून बघत नसे. कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. बोट दाखवून "ते बघ" असे त्याने कधी केले नाही. खेळातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाक तासन्‌तास फिरवत बसे. बाटल्यांची बुचे ओळीने मांडी आणि एक जरी हलले तरी आकांत करी. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात!

वाचकहो, निदानाची किल्ली इथे आहे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. तिच्या खुणा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उमटतात. व्यक्तिमत्त्वदोष मात्र पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी स्पष्ट होऊ लागतो आणि अठरा वर्षांच्या आत ते निदान सहसा करीत नाहीत. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या फोटोने यांतले काहीच कळत नाही. म्हणून मनोविकारतज्ज्ञ आईला, आजीला, जुन्या शिक्षकांना खोदून खोदून विचारतात.

घोटाळा फार जुना आहे. मॉस्कोच्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२६ साली सहा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. आज ती वाचली तर ऑटिझमच डोळ्यांपुढे येतो, पण त्या काळच्या भाषेत त्यांनी त्याला 'स्किझॉइड' प्रकारची मनोविकृती म्हटले. 'ऑटिझम' म्हणून लिओ कॅनर यांचे प्रसिद्ध वर्णन आले ते १९४३ साली.

स्किझॉइड व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला इतरांची सोबत मुळात नकोच असते. आपल्या भाषेत माणूसघाणा. पण समोरचा टोमणा मारतो आहे की थट्टा करतो आहे, हे त्याला बहुधा कळते. स्वमग्न व्यक्तीला नेमके हेच कळणे अवघड जाते. "जरा बस, आलोच" म्हटले की ती घड्याळाकडे बघत बसते. सोबत हवी असते, जमत नाही. या मुलाला मी एकट्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "लग्न नको असं नाही. कार्यालयातली गर्दी नको."

नीटनेटकेपणाचा अतिरेक करणारे व्यक्तिमत्त्वही असेच फसवे. तिथे 'काम बिनचूकच झाले पाहिजे' हा आग्रह असतो. स्वमग्नतेत क्रम बदलला की जीव घाबरा होतो, आणि सोबत आवाज, कपड्यांचा स्पर्श, प्रकाश सहन न होणे असते.

मुलींच्या बाबतीत तर चूक हमखास होते. त्या मैत्रिणींचे बघून हसणे-बोलणे उचलतात, अडचण झाकतात आणि घरी येऊन कोसळतात. मग 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्वदोषाचा शिक्का बसतो. त्या दोषात जवळचा माणूस आपल्याला सोडून जाईल ही भीती केंद्रस्थानी असते. काल ज्याला देव मानले तोच आज शत्रू वाटतो. स्वमग्न मुलीचा उद्रेक बहुधा गोंगाटाने, थकव्याने किंवा ठरलेला बेत मोडल्याने होतो. मात्र दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, तेव्हा घरच्या घरी निदान करू नये. स्वतःला इजा करण्याचे बोलणे निघाले तर निदानाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

शिक्का चुकला तर उपचार चुकतात. बॉर्डरलाइनसाठी खास मानसोपचारपद्धती आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. स्वमग्नता औषधाने जात नाही. तिथे दिनक्रम, स्पष्ट बोलणे आणि आवाजापासून आडोसा हेच कामी येते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

लग्नाविषयी मी वडिलांना सांगितले, की स्वमग्न माणसे संसार करतात, पण लग्न हा त्यावरचा उपचार नव्हे. मुलीकडच्यांपासून हे लपवू नका आणि मुलाला विचारल्याशिवाय तारीख धरू नका. वडील काहीसे नाराज होऊनच गेले. पुढच्या वेळी मात्र आईने बालवाडीचे प्रगतिपुस्तक आणले. बाईंनी त्यात लिहिले होते, 'मुलगा हुशार आहे, पण वर्गात असून नसल्यासारखा असतो.' असा कागद तुमच्या घरी ट्रंकेत पडला असेल, तर तपासणीला येताना तो बरोबर आणा.