पान्हा मेंदूतून सुटतो

पनवेलहून नेऱ्याकडे जाताना लागणारा एक गोठा, पहाटेची वेळ. बादल्या वाजल्या तशा म्हशी उठून उभ्या राहिल्या. गवळ्याने पुढ्यात आंबोण ठेवलं आणि रेडकाला सोडलं. रेडकू कासेला ढुसण्या देत सुरकुतलेले सड चोखू लागलं. गवळी नुसता उभा. मिनिटा-दोन मिनिटांनी सड टरारले. "सोडला पान्हा," म्हणत त्याने रेडकाला ओढून बाजूला बांधलं आणि चरवी घेऊन बसला. आता मात्र हात झपाझप चालले.

आधीचा निवांतपणा आणि नंतरची घाई, दोन्ही अचूक. धारेपूर्वी म्हशीच्या सडांत आणि वरच्या पोकळीत जेमतेम पाच टक्के दूध असतं. उरलेलं कासेतल्या सूक्ष्म पिशव्यांत. ते नुसतं ओढून येत नाही. सड चोखल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचते. तिथल्या ठळक, मोठ्या चेतापेशी ऑक्सिटोसिन बनवतात. हे नऊ अमिनो आम्लांचं न्यूरोपेप्टाइड. ते पेशीच्या मुख्य भागात घडतं, पुटिकांत भरलं जातं आणि लांब तंतूंमधून पिच्युटरीच्या मागच्या भागात येऊन साठतं. सुटण्यासाठी एखाददुसरा विद्युत्-स्पंद पुरत नाही, पेशींना स्पंदांची सरबत्तीच करावी लागते. मग ते रक्तातून कासेत पोचतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली उतरतं. काही मिनिटांत रक्तातला त्याचा अंमल ओसरतो, म्हणून ती झपाझप.

हेच रसायन मेंदूच्या आतही काम करतं. मेंढी नवजात कोकराला आपलं मानते त्यातही त्याचा वाटा असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

पलीकडच्या म्हशीने माझ्याकडे बघून पान्हा चोरला. गवळ्याने मला खांबामागे जायला सांगितलं. त्याचं बरोबरच होतं: भ्यालेल्या जनावरात ऑक्सिटोसिन सुटणं अडतं, शिवाय ॲड्रेनालिन त्याचा परिणाम रोखतं.

व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. रेंगाळलेल्या बाळंतपणात ते आजही उपयोगी पडतं. पण रेडकू नको, थांबणं नको म्हणून रोज म्हशीला त्याची सुई टोचणं हा निव्वळ आडदांडपणा. दूध वाढवायला जनावराच्या प्रकृतीला घातक इंजेक्शन देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. त्यात दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि म्हैस सरकारजमा होते.