नेमबाजीचे केंद्र निवडताना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपणही रायफल धरावी असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल.

सुरुवात बहुधा १० मीटर एअर रायफलने होते. तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मोहरीहूनही लहान! दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. लक्ष्य गाठायला त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यातही गुरुत्वाकर्षणामुळे तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. गणित करून पाहा! ही घट धरूनच रायफलीची साइट लावतात.

जवळचे केंद्र कोठे आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. पालकांबरोबर तेथे जा आणि रायफलींपेक्षा शिस्त पाहा. नळी सदैव लक्ष्याकडेच असते ना? कोणी लक्ष्याजवळ गेले, की इतरांच्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवतात ना? लक्ष्यामागे छर्रे अडवण्याची सोय आहे ना? शिसे विषारी, सरावानंतर साबणाने हात धुवायला लावतात ना?

एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर तेथून परत फिरा.