नोंदवहीत नाव नाही, म्हणून पुस्तक फुकट?

जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हटली की कोणीतरी हमखास सुचवतो: दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद आहे का बघा, नसेल तर बिनधास्त छापा. हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. भारताच्या 1957च्या कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क मिळतो तो लिहिल्यामुळे. ब्रिटनमध्ये तर अशी सरकारी नोंदवहीच नाही. तिथे लेखकाचे मृत्युपत्र आणि एजंटचा पत्ता यांच्याच मागे लागावे लागते.

अमेरिकेत मात्र दप्तराला खरेच वजन आहे. तिथे 1963पर्यंत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पुस्तकाच्या हक्काचे 28व्या वर्षी नूतनीकरण केले नसेल, तर तो संपला. पुस्तकांच्या या नूतनीकरणाच्या नोंदी स्टॅनफर्ड विद्यापीठाने ऑनलाइन शोधता येतील अशा करून ठेवल्या आहेत.

म्हणून नोंद सापडली की मालक सापडला असे समजावे, तर ‘हॅपी बर्थडे टू यू’ आडवे येते. 1935च्या नोंदणीच्या बळावर या गाण्याचे पैसे दशकानुदशके वसूल होत होते. वाद लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेला आणि ती नोंद बारकाईने वाचली गेली. कर्ता म्हणून त्यात नाव प्रेस्टन वेअर ओरेम यांचे. ते पियानोची रचना करणारे. गाण्याचे शब्द त्यांचे असल्याचा दावा कोणाचाच नव्हता. शब्दांचे हक्क मूळ प्रकाशकाकडे कधी आलेच नव्हते, असे 2015 साली न्यायाधीशांनी ठरवले. पुढे 1.4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. इतकी वर्षे कागद दप्तरात होता, वाचला कोणी नव्हता!

तिसरा गैरसमज भारतात मुक्त ते जगात मुक्त, हा. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची मुदत, त्यामुळे ‘श्यामची आई’ 2011पासून कोणीही छापावी. पण पुस्तक 1935चे, आणि अमेरिका अशा परदेशी पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षे देते. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाला ते परवानगीशिवाय छापायचे, तर 2030 संपेपर्यंत थांबावे लागेल.

हक्कदार सापडतच नसेल, तरी भारतात रस्ता आहे: कायद्याच्या कलम 31-अ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. त्याआधी जाहिरात द्यावी लागते, तीही देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. मराठीतली जाहिरात फक्त मराठी अनुवाद काढायचा असेल तरच सक्तीची. गावाकडच्या वारसाने ती इंग्रजी जाहिरात कुठे वाचायची, हे कायदा सांगत नाही.