घर सोडलं, माणसं नाही!

लग्न नाही, बदली नाही, भांडण तर नाहीच. तरीही डोंबिवली-कल्याणची पोरं बॅग भरताहेत. का?

“वेगळी राहणार? का गं, आमचं काही चुकलं का?”

रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. आईने माझ्यासाठी आमटी गरम करायला ठेवली होती, ती तशीच उकळत राहिली. बाबांनी टीव्ही बंद केला. डोंबिवलीतलं आमचं घर इतकं शांत मी कधीच ऐकलं नव्हतं.

तुम्ही कल्याण-डोंबिवलीत वाढला असाल, तर हा सीन तुमच्याही घरी झालाय किंवा होणार आहे. आपल्याकडे घर सोडायची मान्यताप्राप्त कारणं तीनच : लग्न, बदली आणि अमेरिका. ‘मला माझी स्पेस हवीय’ हे त्यात बसत नाही!

स्पेस की लोकल?

खरं सांगू? माझं कारण स्पेसपेक्षा लोकल हे होतं. डोंबिवली ते सीएसएमटी जवळपास ४८ किलोमीटर. मी फ्रीलान्स पत्रकार, त्यामुळे इव्हेंट संपतो रात्री दहाला. मी येईपर्यंत आई जागी आणि बाबा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर तर ‘चढले’ आणि ‘उतरले’ असे दोन मेसेज रोज कम्पलसरी झाले. माझ्या नोकरीची ड्यूटी तिघं मिळून करत होतो.

ठाण्यात राहिलं की प्रवास कमी आणि ठाण्याहूनच सुटणारी लोकल मिळाली तर चक्क बसायला जागा. माझ्या ओळखीतल्या कल्याणच्या एका आयटीवाल्याचं गणितही हेच. तो म्हणतो, “घरच्यांशी बोलायला एनर्जी उरावी म्हणून घर सोडलं.”

बाबांचा फ्लॅशबॅक

त्या रात्री बोलणं अर्धवट राहिलं. दोन दिवसांनी मीच बाबांना विचारलं, “तुम्ही डोंबिवलीला कसे आलात?”

बाबा हसले. दादरच्या चाळीत एक खोली, माणसं आठ. लग्न झाल्यावर ते आणि आई बाहेर पडले. “तुझी आजी सहा महिने धड बोलली नाही माझ्याशी. म्हणायची, डोंबिवली म्हणजे काय, जंगलात चाललात का?”

विचार करा, आपलं अख्खं शहरच असं भरलंय! गिरगाव, दादर, परळच्या खोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून कितीतरी कुटुंबं ट्रेन पकडून इथे आली. म्हणजे घर सोडण्याचा फंडा आपण शोधून काढलेला नाही. तो आपल्याला वारशात मिळालाय. फरक इतकाच की ते जोडीने निघाले, आपण एकटे निघतोय. आईला खुपत होतं ते नेमकं हेच. ती म्हणाली, “लग्न करून गेली असतीस तर लोकांना काय सांगू, असं झालं नसतं.”

मी म्हटलं, “सांग, पोरगी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.”

‘ओन्ली फॅमिली’

घरचे पटले, पण घरमालक? “कंपनी कुठली?” “फ्रीलान्स.” “म्हणजे नोकरी नाही?” असे तीन इंटरव्ह्यू झाले. एका सोसायटीत तर गेटवरच ‘बॅचलर्स नाही’ असं ऐकलं. शेवटी नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके मिळाला, आम्ही तिघींत. माझ्या कमाईचा तिसरा हिस्सा भाड्यातच जातो. सेव्हिंग? पुढच्या महिन्यापासून!

सामान बांधण्याआधी...

- ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी ऑनलाइनही होते.
- डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. ते कधी परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.
- पोलिसांकडची भाडेकरू नोंद झाली का, ते विचारा.
- घरी थेट सांगा, आणि सगळं ठरवून झाल्यावर नाही, ठरवायच्या आधी.

मीठ कुठे ठेवतेस?

पहिल्या महिन्यात मला ताप आला. रूममेट्स ऑफिसला गेलेल्या. पाणी घ्यायला उठवेना, तेव्हा रडू आलं. आईला मात्र फोन केला नाही. तो माझा मूर्खपणा. तिला कळलं तेव्हा ती जाम चिडली. “वेगळी राहा, पण परकी होऊ नकोस,” एवढंच म्हणाली.

आता रविवार डोंबिवलीचा. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला तर मी असतेच. आणि गेल्या महिन्यात आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. सकाळी पोह्यांची कढई गॅसवर ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, “मीठ कुठे ठेवतेस गं?”

बाबांनी नंतर फोनवर सांगितलं, आई शेजारच्या काकूंना म्हणत होती, “माझ्या मुलीचं ठाण्याला घर आहे.”

भाड्याचं आहे, हे तिने सांगितलं नाही!